गप्प बसण्याचा अभ्यास

माझी परीक्षा फोनवर होणार होती, हे आमच्या गल्लीत कुणाला पटायचंच नाही. मुंबईला वकिलातीत जायचं, एका खोलीत बसायचं, दार लावून घ्यायचं आणि कानाला रिसीव्हर लावून पलीकडच्या मशीनशी डच भाषेत बोलायचं. मशीन बोलणार, मी ऐकायचं. मग मी बोलायचं, मशीन ऐकणार आणि मार्कही तेच देणार. “मशीनला काय कळतंय बाई माणसाचं?” माय म्हणायची. “तुझ्या बापाला पंचवीस वर्षं झाली, अजून माझं बोलणं कळंना.”

माझं सासर नांदेडचं. आमचे हे कामासाठी हॉलंडात, रॉटरडॅमला गेलेले आणि बरीच वर्षं राहून तिथले नागरिक झालेले. तिथल्या सरकारचा कायदा असा, की नागरिकाच्या बायकोला तिकडं यायचं असेल तर तिनं आधी आपल्या देशातच परीक्षा द्यायची. थोडी भाषा, थोडी त्या देशाची माहिती. पास झाली तर पुढचे कागद, नाही तर बसा. लग्नानंतर आम्ही उणेपुरे तीन आठवडे एकत्र होतो. मग यांची सुट्टी संपली, हे गेले आणि मी सासरी राहिले.

नांदेडचे ते चार महिने आठवले की अजून माझे पाय हलायला लागतात. मला एका जागी बसवेना. पुस्तक उघडलं की कुणीतरी दारात. उमरीची मावससासू आली, बिलोलीचे मामेसासरे आले, शेजारच्या खाला रोज संध्याकाळी यायच्या, आणि सगळ्यांचा सवाल एकच, “कवा जायलीस?” सासूबाई माणूस चांगल्या, पण त्यांनाही लोकांना सांगून सांगून बेजार झालं होतं. “डॉक्टरकीला बी एवढा वेळ लागत न्हाई गं,” त्या एकदा म्हणाल्या. माझं टाळकं आधीच सटकलेलं. चहाचा ट्रे मी ओट्यावर असा आदळला की दोन कप जागीच गेले. रात्री जेवताना सासरे एवढंच म्हणाले, “अभ्यासच करायचा तर पोरीला लातूरला धाडा. सगळी दुनिया अभ्यासाला तिकडंच जायलीय.”

आणि खरंच तसं होतं. लातूरला आमची गल्ली म्हणजे निव्वळ क्लास आणि होस्टेल. आमचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंपात ते सपाट झालं, आणि वर्षभरानं आईवडील मला घेऊन लातूरला आले. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीनं जाऊन-येऊन शेती बघायचे. मायनं मेस काढली. सुरुवातीला चार पोरी जेवायच्या, मग चाळीस. मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत सहा पोरी राहायच्याही. चाकूरची, देगलूरची, कुठकुठली. पहाटे चारला उठून भिंतीकडं तोंड करून पुटपुटत बसायच्या. लातूरमध्ये तेव्हा पाठ केल्याशिवाय माणसाला जेवण पचत नव्हतं.

माझ्या परीक्षेचं कळल्यावर पोरींनी मला दत्तकच घेतलं. “ताई, सिलॅबस दाखवा.” मी यांनी पाठवलेला संच काढला. त्या देशाचा एक सिनेमा, फोटोंचं पुस्तक आणि शंभर प्रश्न. त्यातले तीस विचारणार. पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या. “शंभरच? आणि त्यातलेच येणार? ताई, हे तर घरचं कार्य हो!” तिसऱ्या दिवशी भिंतीवर तक्ता लागला. रविवारी टेस्ट. चुकलं की पोरी क्लासमधल्या सरांसारख्या चष्म्यावरून बघायच्या. हॉलंडचा काही भाग समुद्राच्या पातळीखाली आहे का? आहे. हे उत्तर मायनं ऐकलं आणि लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. “समुद्राच्या खाली? इथं जमीन हालली म्हणून गाव सोडलं, आन् तू पाण्याखाली राहाया चाललीस? आगीतनं उठून फुफाट्यात!” तीन आठवड्यांत शंभर उत्तरं मला झोपेतही येत होती.

मग मुंबई. खोली छोटी होती, खिडकी नव्हती. बंद खोलीत मला होत नाही, लहानपणापासून होत नाही. आधी मी छत बघते, मग दार कुठं उघडतं ते बघते, आणि मगच बसते. बसले. फोटोंचे प्रश्न चुटकीसरशी गेले. पुढं बोलण्याचा भाग. आवाज एक वाक्य म्हणणार, ते आपण जसंच्या तसं म्हणायचं. मग साधे प्रश्न. मग एक छोटी गोष्ट सांगणार, ती आपण परत सांगायची. मला वाटलं, छान झालं. बाहेर येऊन वडापाव खाल्ला, दादांना फोन केला, “आलं सगळं.”

आणि नापास! माहितीत जवळजवळ सगळं बरोबर, बोलण्यात नापास. लातूरच्या पोरीनं नापास व्हायचं म्हणजे काय असतं, ते लातूरच्या माणसालाच कळेल. मेसच्या पोरी दोन दिवस माझ्याशी हळू आवाजात बोलत होत्या, घरात कुणी गेल्यासारख्या. नांदेडहून सासूबाईंचा फोन आला, “असू दे गं, पुन्हा दे,” आणि मागून मावससासूचा आवाज, “म्हणलं न्हवतं मी?” मी फोन ठेवला आणि अंगणातली बादली लाथेनं उडवली. पाणी वाया गेलं म्हणून मायचं बोलणं खाल्लं ते वेगळंच. लातूरला पाणी सांडणं म्हणजे पापच.

का नापास झाले, हे कुणी सांगत नव्हतं. शेवटी यांनीच एक युक्ती काढली. फोनवरून परीक्षेसारखी वाक्यं म्हटली, मी मागून म्हटली, आणि हे पलीकडं टेप करत होते. दुसऱ्या दिवशी फोन आला. “ऐक बरं, तू काय करायलीस.” आणि टेप लावली.

त्यांचं वाक्य चालू आहे, आणि मधेच माझा आवाज, हं. वाक्य संपतंय तोच, हं. गोष्ट सांगताहेत, आणि दर दोन शब्दांनी हं, हं, अच्छा, हं.

“यंत्राला वाटत असंल, तुझं उत्तर झालं,” हे म्हणाले. अंदाजच होता तो, पण मला पटला. “तू कामून हं हं करायलीस?”

“मग काय करू? माणूस बोलायलंय आन् मी मुक्यागत बसू?”

हे हसले. मला इतका राग आला! पण ते मुद्दाम हसत नव्हते. “इथं तसंच बसतात गं. समोरचा बोलतो, हे लोक नुसतं ऐकतात. तोंडातून आवाज काढत नाहीत. मला पण सुरुवातीला वाटायचं, फोन कट झाला.”

आता आमच्याकडं हे कसं चालावं? आमच्याकडं गोष्ट सांगायला बसलं तर आधी ठरतं, हुंकार कोण देणार. हुंकार थांबला की सांगणारा थांबतो. साधं बाजारातून काय आणलं ते सांगायचं तरी ऐकणारानं हं म्हणायचं, नाही तर “ऐकायलीस का झोपलीस?” अशी विचारणा होते. न बोलता ऐकणं म्हणजे एक तर राग, नाही तर उर्मटपणा. ते सोडायचं, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांत!

मी लागले मागं. दातांत पेन्सिल धरली. मांडीला चिमटे काढले. पोरींनी तर प्रत्येक हुंकाराला एक कांदा सोलायची शिक्षा लावली, मायची चंगळ झाली. मग हळूहळू एक लक्षात आलं. माणूस समोर बसलं असेल तर मला गप्प बसणं जमायचं. पण माणूस दिसत नसेल, नुसता पुरुषाचा आवाज येत असेल, दाराआडून किंवा फोनवरून, तर हं माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडायचं. मला कळायच्या आधी.

तेव्हा सराव दाराआडूनच करायला हवा होता. आवाज पुरुषाचा बरा, सांगणाऱ्याला डच येत नसलं तरी चालेल, पत्रात यांनी वाक्यं देवनागरीत लिहून दिली होती. राहिले कोण? दादा.

दादांनी कागद डोळ्यांजवळ धरला. “द ट्रेन कोम्त त लात,” त्यांनी पोथी वाचावी तसं वाचलं. “म्हंजे काय गं?”

“गाडी उशिरा येतीय.”

“तिकडं बी का?” दादा खूश झाले.

मी आतल्या खोलीत, दार लावलेलं. दादा बाहेर खुर्चीवर. रोज दुपारी शेतावरून आले की अर्धा तास. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाक्याला हं गेलं. दुसऱ्या आठवड्यात दोनातून एकदा. माझी उमेद चढतच गेली होती, की आता जमणार. परीक्षेची नवी तारीख मिळाली होती, यांनी तिकडं मोठं घरही बघून ठेवलं होतं. माझं खाण्यापिण्यात लक्ष नव्हतं. सारखं घर ते गेट, गेट ते घर. माय म्हणायची, “पायाला भिंगरी लागलीय का?”

आणि एका दुपारी मला जमलं. दहा वाक्यं झाली, दहाही नीट मागून म्हटली, एकही हं नाही. मग गोष्ट. चार ओळींची असायची, पण यांनी त्या वेळी मुद्दाम लांब लिहून पाठवली होती. दादा वाचत होते. मी श्वास धरून, मुठी आवळून बसले होते. मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं, आणि ते अडखळले. दोन शब्द पुन्हा वाचले. मग आवाजच बंद.

दार धाडकन उघडलं. दादा आत आले आणि माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी घाबरले. मी जिवंत बसलेली बघून मग ते ओरडले, “तोंड हाय का न्हाई तुला?” आणि पायात चप्पल न घालता बाहेर निघून गेले. मे महिन्याची दुपार. डांबरावर.

मी स्वयंपाकघरात जाऊन मायवर तुटून पडले. “इतक्या दिवसांनी जमलं होतं! आन् दादाच बिघडवायलेत! मला पाठवायचंच न्हाई त्यांला, सरळ सांगा की तसं!” काय काय बोलले मी. चाळीस जणींच्या पोळ्या चालल्या होत्या. मायनं तवा उतरवला, गॅस बंद केला. पोळ्या अर्ध्यावर टाकून मायला मी कधी उठताना बघितलं नव्हतं.

भूकंपात आमच्या घराचं मातीचं माळवद कोसळलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. मी दगडमातीखाली होते आणि दिवस वर आल्यावर दादांनी मला काढलं, हे मला माहीत होतं. थोडं आठवतही होतं. तोंडात माती, आणि वरून दादांचा आवाज. ते काहीबाही सांगत होते, बैलांचं, जत्रेचं. त्यांना वाटत होतं मी झोपू नये. मला बोलता येत नव्हतं, छातीवर वजन होतं. मी नुसतं हं म्हणत होते. तेवढ्या आवाजावर ते उकरत राहिले. माझा भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा, त्यात गेला, हेही मला माहीत होतं. मला वाटायचं, तो लगेच गेला. मला तसंच सांगितलं होतं.

“लगेच न्हाई गेला,” माय म्हणाली. “तुज्या पल्याड हातभरावर होता. त्यो बी हं म्हणत होता. हे एक वाक्य बोलायचे आन् थांबायचे. दोन हं आले की मग पुढचं. लई वेळ चाललं तसं. मंग एकदा एकच आला.” ती पदरानं हात पुसत राहिली, हात कोरडेच होते. “त्यांनी पुन्हा इचारलं, पुन्हा इचारलं. मंग तुज्याच एका हं वर ते बोलत राहिले. तुला कळू दिलं न्हाई.”

मी तिथंच फरशीवर बसले. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की वर बघवेना. चौदा वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन एसटीनं शेतावर जात-येत होता, आणि मी त्याला दाराबाहेर बसवून गप्प राहायचा सराव करत होते.

दुसऱ्या दिवशी मी पोरींना विचारलं, तुम्ही वाचाल का. त्यांच्या परीक्षा तोंडावर, तरी हो म्हणाल्या. पण पोरींच्या पातळ आवाजाला माझं हं जायचंच नाही, त्यामुळं तो सराव काही कामाचा नव्हता. तारीख जवळ येत होती. मी नांदेडला फोन करून सांगायच्या बेतात होते, की या खेपेला राहू द्या. दोन दिवस दादा शेतावरून आले, पाय धुतले आणि पुन्हा बाहेर निघून गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले, पाय धुतले आणि कागद मागितला.

“राहू द्या, दादा.”

“बस म्हणलं ना आत.”

“न्हाई. मला न्हाई द्यायची परीक्षा.”

“तुला नवऱ्याकडं जायचं हाय का न्हाई?” ते कडाडले. “मग बस!”

तेवढ्यात माय आली आणि दाराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. दार तिनं अर्धं लोटलं. तिला तेही दिसत होते आणि मीही. त्यांना मी दिसत नव्हते. “तुमी वाचा,” ती दादांना म्हणाली. “तिच्या वाटचं हं मी देते.”

आणि तिनं दिलं. दादा वाचायचे, “द विंकल इज दिख्त,” माय माझ्याकडं एकदा बघायची आणि म्हणायची, “हं.” मग मी दुकान बंद असल्याचं ते वाक्य म्हणायची. गोष्ट आली की ती आणखी रंगात यायची. एक शब्द कळत नव्हता, तरी “हं… बरं… मंग?” मागच्या खोलीतल्या पोरी तोंडावर हात दाबून हसायच्या. मलाही हसू यायचं आणि ते दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. दादा हसत नव्हते. त्यांच्या कानशिलावरून घाम गळत असायचा. पण ते थांबले नाहीत. महिनाभर रोज, मेसचं ताट वाढायच्या आधी आम्ही तिघं असे बसत होतो. शेवटच्या दिवसांत मायनं हुंकार दोन वाक्यांनी एकदा केला, मग चारांनी. दादांनी तेवढ्यावर भागवलं.

दुसऱ्या खेपेला मी मुंबईला गेले, त्याच खोलीत बसले, छत बघितलं, दार बघितलं. फोनमधला माणूस गोष्ट सांगत होता. मी तोंड मिटून बसले. घशात हं येऊन अडकत होतं, मी ते गिळत होते. काही आठवड्यांनी कळलं, पास. पोरींना तर माझा फोटो फ्लेक्सवर लावायचा होता, लातुरातून पहिली म्हणून. दादांनी गल्लीभर पेढे वाटले. संध्याकाळी मायला म्हणाले, “एवढं शिकवलं, आन् पोरगी जाणार,” आणि स्वतःच हसले.

मी गेले. नवं घर, नवी भाषा, सायकल, वारा. तिकडच्या बायका बोलत असताना मी शांत उभी राहायला लागले. कुणी मला उद्धट म्हटलं नाही. उलट शेजारीण म्हणाली, तू किती छान ऐकतेस. मला बरं वाटलं, खोटं का बोला.

दीडेक वर्षानं, एका रविवारी दादांशी फोनवर बोलत होते. ते सोयाबीनचं सांगत होते. पाऊस कसा लांबला, दुबार पेरणी करावी का, बी कुठून आणलं, चुलते काय म्हणाले. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते. खरंच मन लावून ऐकत होते, शेतातला एकेक सरी-वरंबा डोळ्यांसमोर दिसत होता. सांगता सांगता दादा थांबले. मला वाटलं, पाणी पीत असतील. मी थांबले. तेही थांबले.

मग त्यांचा आवाज आला. दबका, जपून टाकलेला.

“पोरी, परीक्षा झाली न्हवं गं तुझी?”

“हाव दादा, कवाच झाली.”

“मग आता कशापाई गप गं?”

मी बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, मोठ्यानं, लहान लेकरासारखं. दादांनी ते ऐकलं. मग एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा सोयाबीनचं पहिल्यापासून सांगायला लागले.